तळमजल्यावरचं घर

ती. आई-बाबांना,
सा. न.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर बाबा 'बरं, बघू' म्हणतात आणि आई, तू विषय बदलतेस. म्हणून पत्र. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा, आईला चष्मा सापडत नसणार. मध्येच थांबून वाद नको, आधी शेवटपर्यंत वाचा.

तळमजल्यावरचं ते घर मी घेतलं. भाड्याचंच आहे, पण करार झालाय आणि किल्ल्या माझ्याकडे आल्यात. माझ्या दारातून निघालं की बोलत बोलत चालत पोचता येईल इतकं जवळ आहे. पुढच्या महिन्याच्या अखेरीस तुम्ही तिथे राहायला यायचंय. तुमचं घर विकायचं नाही. कुलूप लावून ठेवू, वाटलं की जाऊन येऊ. दादाशी बोलणं झालंय, त्यालाही पटलंय. वहिनीचा याच्याशी काही संबंध नाही, कुणाच्या सांगण्यावरून मी हे केलेलं नाही. तुम्ही कुणाला जड झालात म्हणून तर मुळीच नाही. आमच्याकडेच राहा असा हट्टही मी धरला नाही, कारण तुम्हाला स्वतःचं दार आणि दुपारची स्वतःची शांतता लागते हे मला ठाऊक आहे.

कारण एकच, जिना.

मे महिन्यात झालं ते एकदाच झालं, असं तुम्ही म्हणाल. मान्य. पण मला पडण्याइतकीच दुसऱ्या एका गोष्टीची काळजी वाटते. बाबा, तुम्ही संध्याकाळी खाली कट्ट्यावर बसायचं सोडलंत. विचारलं की म्हणता, आता तिथे कुणी येत नाही. सगळे येतात, मी पाहिलंय. आई, तू पहाटे दव असताना खाली गवतावर अनवाणी फिरायचीस. वर येताना ओंजळीत काही ना काही असायचंच, एखादं पीस, नाहीतर चार फुलं. आता म्हणतेस, काय ठेवलंय तिथे. तीन मजले उतरायचे म्हणजे तीन मजले पुन्हा चढायचे, हा हिशेब मनात एकदा आला की पाऊल उंबऱ्यातच अडतं. तुमच्या दिवसातली एकेक आवडीची गोष्ट हा जिना काढून घेतोय, आणि तुम्ही दोघं काही गेलंच नाही असं एकमेकांना दाखवताय. मला ते बघवत नाही.

त्याच जिन्यावर बाबांनी मला पाढे शिकवले हे मी विसरलेले नाही. एका पायरीला एक आकडा, अडखळलं की पुन्हा खालच्या पायरीवर. माझं दप्तर तुमच्या खांद्यावर आणि तुमचं एक बोट माझ्या मुठीत. सतराचा पाढा म्हणताना आजही माझी पावलं मनातल्या मनात चढत असतात. तो जिना मला प्रिय आहे, बाबा. पण तुम्ही जास्त आहात.

घर बघताना खोल्या किती, फरशी कुठली हे मी नंतर बघितलं. आधी तुमचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत डोळ्यांसमोर आणला आणि त्यात तुम्हाला कधी कधी बरं वाटतं ते आठवत गेले. पुढच्या खोलीला पूर्वेकडे मोठी खिडकी आहे. बाबांना पुरावा लागतो, म्हणून सांगते. वय वाढतं तशी डोळ्यातली बाहुली लहान होत जाते आणि भिंग पिवळसर होतं. विशीतल्या माणसाच्या मानाने साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. तुमच्या आताच्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागतो, आणि तुम्ही म्हणता पेपरची छपाईच हल्ली फिकट असते. छपाईत काही खोट नाही. शिवाय झोपेचं आतलं घड्याळ लागतं ते सकाळच्या उजेडावर. रात्री दोनला उठून खोलीत फेऱ्या मारणं त्या खिडकीत बसून थोडं तरी कमी होईल असं मला वाटतं. पेपर टाकणाऱ्या मुलाशी बोलून ठेवलंय, तो लवकर येतो. घडी न मोडलेला पेपर पहिल्यांदा उघडण्याचा मान तुमचाच राहील, माझ्या मुलांना बजावून ठेवेन.

त्या खिडकीतून एक चांगलं मोठं झाड दिसतं. त्याचा पुरावाही देते. रॉजर उलरिच नावाच्या संशोधकाने १९८४ साली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी ताडून पाहिल्या. काहींच्या खिडकीतून झाडं दिसत होती, काहींच्या खिडकीतून नुसती विटांची भिंत. झाडंवाले थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. तुमच्या आताच्या खिडकीसमोर काय आहे ते तुम्हीच बघा.

आई, तुझ्यासाठी दारात मातीचा तुकडा आहे. फार मोठा नाही, पण उघडी, मोकळी माती. घरमालक म्हणाले, फरशी घालून देतो, चिखल होणार नाही. मी म्हटलं, चिखल होऊ दे. पहिल्या पावसाचे थेंब आले की तू गॅस बंद करून धावत गॅलरीत यायचीस, मला पुढे उभं करायचीस आणि म्हणायचीस, बोलू नकोस, नुसता श्वास घे. तुझे हात ओले असायचे आणि ते तू माझ्या कपाळाला पुसायचीस. तो वास नेमका कसा येतो हे अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०१५ साली वेगवान कॅमेऱ्याने टिपलं. थेंब सच्छिद्र मातीवर पडून पसरतो तेव्हा त्याच्या तळाशी हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. ते वर येऊन फुटतात आणि त्यांच्या तुषारांबरोबर मातीतला वास हवेत उडतो. धो धो पावसापेक्षा हलक्या पावसात हे जास्त होतं. म्हणजे तू पहिल्या चार थेंबांनाच धावायचीस ते अगदी बरोबर होतं, आई. आता धावायला नको. दार उघडलंस की झालं, आणि तुझ्यापासून ती माती दोन हातांवर असेल.

मागच्या बाजूला दोरी बांधायला जागा आहे आणि तिथे दुपारभर ऊन असतं. उन्हात तापलेली चादर तू माझ्या अंगावर टाकायचीस, डोक्यावरून सगळी, आणि वरून थोपटायचीस. आतमध्ये पिवळा उजेड आणि तो कोरडा, ऊबदार वास. मला ताप असला तरी त्या चादरीखाली बरं वाटायचं. माझ्याकडे कपडे वाळवायचं यंत्र आहे, त्यातून चादर निघते ती नुसती गरम निघते. तेव्हा माझ्याही दोन चादरी तुझ्या दोरीवर येणार आहेत, जागा ठेव.

तुम्हाला वाटत असेल की ही नव्या घराची भुरळ घालतेय. तसं नाही. नवं घर महिन्या-दोन महिन्यांत जुनं होतं, माणूस मोठ्या गोष्टींना फार लवकर सरावतो. १९७८ साली अमेरिकेत काही मानसशास्त्रज्ञांनी लॉटरीत मोठी रक्कम लागलेल्या माणसांना विचारलं होतं, की मित्राशी गप्पा मारणं, विनोद ऐकणं, मासिक वाचणं अशा रोजच्या गोष्टींत किती मजा वाटते. त्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा ती कमीच वाटत होती, आणि एकूणात ते काही त्यांच्याहून फार सुखी नव्हते. मला हे वाचून तुम्ही दोघं आठवलात. तुम्हाला आयुष्यात घबाड कधी लागलं नाही, पण नवी रिफिल घातली की बाबा आधी आपली सही करून बघतात आणि खूश होतात. आई, कुणी ऐकत नाहीये असं वाटलं की तू गुणगुणतेस. हे इतकी वर्षं तुम्ही दोघांनी जपलंय. ते तुमच्या हातून निसटू द्यायचं नाही, एवढ्यासाठी ही सगळी धडपड आहे.

आता एक गोष्ट मी तिकडे आणू शकत नाही, ती म्हणजे समोरच्या काकू. संध्याकाळी दोन दारांत दोघी उभ्या राहून बोलता, आत या म्हणत कुणीच आत येत नाही, तासभर तसंच. त्याला पर्याय नाही, आई, आणि आहे असं मी म्हणणार नाही. दर आठवड्याला एकदा मी तुला त्यांच्याकडे सोडेन किंवा त्यांना इकडे घेऊन येईन, त्यांच्या मुलाशीही बोललेय. रोजचं दारातलं बोलणं फोनवर करा, अगदी तासभर करा. बिल मी भरते, त्यावरून कुणी कुणाला काही म्हणायचं नाही. बाबा, हे तुमच्यासाठी आहे.

घर मी घेतलं, पण आतमध्ये एक खिळाही ठोकलेला नाही. पडदे नाहीत, पलंग कुठे ते ठरलेलं नाही, भिंती पांढऱ्या आहेत. दादा म्हणाला, आई-बाबा यायच्या आत सगळं लावून टाकू, त्यांना त्रास नको. मी नाही म्हटलं. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोघी मानसशास्त्रज्ञांचा १९७६ सालचा एक अभ्यास आहे, वृद्धाश्रमातला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, तुमची खोली तुम्हाला हवी तशी लावा, हे रोप निवडा आणि त्याची काळजी तुम्हीच घ्या. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण पाणी परिचारिका घालतील, तुम्ही निर्धास्त राहा, असं सांगितलं. तीन आठवड्यांनी पाहिलं तर पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त आनंदी आणि जास्त हालते-फिरते होते. तेव्हा आरामखुर्ची कुठे, घड्याळ कुठल्या भिंतीवर, आत्याची बाजाची पेटी कुठल्या कोपऱ्यात, हे तुम्ही ठरवायचं. भांडा त्यावरून हवं तर, मी मध्ये पडणार नाही. मोगऱ्याची कुंडी येणारच आहे, आणि तिला पाणी आईच घालेल. मी नाही, कामाच्या बाई नाहीत.

आता काही गोष्टी ऐकायच्या आहेत. सामान बांधायला माणसं येतील, तोवर बाबांनी माळ्यावर चढायचं नाही. ट्रंकेला हात लावायचा नाही, ओढायचीसुद्धा नाही. आई, जुनी भांडी कुणाला देऊन टाकू नकोस, तुझा तो डबा मला हवाय, कुठला ते तुला माहीत आहे. सकाळी उठताना दोघांनी आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं. एकदम उठलं की रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते, आई, तुझी चक्कर बहुतेक तीच आहे, पण डॉक्टरांना दाखवूच. नव्या घरात जमिनीवर पायपुसणी आणि सतरंज्या मी ठेवू देणार नाही, पाय अडकतो. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतलाय, तेवढं एकच मी न विचारता केलं. रात्रीचा छोटा दिवा चालू राहील, विजेची काळजी करू नका.

बाबा, तुमच्या कानांची तपासणी ठरवली आहे. रागावू नका. तुम्ही म्हणता, हल्ली चिमण्याच दिसत नाहीत, ऐकू येत नाहीत. गेल्या वेळी आपण गॅलरीत बसलो होतो तेव्हा रेलिंगवर दोन होत्या, तुमच्या पाठीशी, चांगल्या ओरडत होत्या. मी काही बोलले नाही, मला बोलवेना. वयाबरोबर बारीक, उंच आवाज सगळ्यात आधी कमी ऐकू येतात, यात तुमचं काही उणं नाही. यंत्र हल्ली इतकं लहान असतं की कट्ट्यावर कुणाच्या लक्षातही येणार नाही. मला तुम्हाला त्या खिडकीत बसवून झाडावरचे पक्षी ऐकवायचे आहेत, तुम्ही मला ऐकवायचात तसे, कुठला कुठला ते ओळखायला लावून. पुढच्या गुरुवारी अकरा वाजता गाडी घेऊन येते, तयार राहा, आणि जुन्या तपासणीचे कागद शोधून ठेवा, टेबलाच्या डाव्या खणात आहेत.

आई, पलंग कुठल्या भिंतीला हवा ते मला रविवारपर्यंत सांग. सोमवारी सुतार येतोय, त्याला डोक्याशी फळी ठोकायची आहे.

तुमची,
मनू