बाद होणाऱ्या मुलांचं काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला मुलांच्या संघभावनेवरचा लेख दोनदा वाचला. रात्री मशीनवर बसले तरी तो डोक्यातून जाईना. मुलांना मिळून काम करता आलं पाहिजे, बोलता आलं पाहिजे, हे सगळं मान्य. पण शेवटी उपाय काय सांगितलात, तर शनिवार-रविवारचा क्लास लावा. आणि सोबत फोटो एकट्या मुलाचा, हातात कप घेतलेला. त्याच्याबरोबर खेळलेली बाकीची मुलं कुठे आहेत?

मी सोलापूरच्या पूर्वभागात राहते, घरी शाळेच्या गणवेशांची शिलाई करते. मुलगी दुसरीत आहे. गेल्या डिसेंबरात तिच्या शाळेत (नाव लिहीत नाही) क्रीडादिनाला संगीत खुर्ची ठेवली होती. गाणं थांबलं आणि पहिल्याच फेरीत ती बाद. तिला दोरीबाहेर बसवलं. खेळ संपेपर्यंत ती खाली मान घालून मोज्याचं इलॅस्टिक ओढत होती, सोडत होती. आम्ही घरी तेलुगू बोलतो, तेव्हा तिला मराठी नुकतं कुठे जमायला लागलं होतं. जिला चार मुलांत मिसळायची सगळ्यात जास्त गरज, तिलाच खेळाने सगळ्यांत आधी बाहेर काढलं. मला त्या दिवशी फार लागलं, अजून लागतं.

मे महिन्यात उन्हं उतरली की संध्याकाळी आमच्या बोळात मीच खेळ घ्यायला लागले. संगीत खुर्चीच, पण खुर्च्यांऐवजी गणवेशाच्या कापडाचे उरलेले तुकडे. दर फेरीला एक तुकडा उचलायचा, मूल एकही काढायचं नाही. उरलेल्या तुकड्यांवर सगळ्यांनी मावायचं, एकाचाही पाय फरशीला लागता कामा नये. पहिले दोन दिवस नुसती ढकलाढकली. नऊ मुलांत चार तुकडे उरले तेव्हा कुठे तोंडं उघडली. एक तेलुगूत म्हणतो ‘इक्कड रा’, दुसरी कन्नडमध्ये ‘इल्ली बा’, म्हणजे ‘इकडे ये’, तिसरा ‘माझ्या पायावर उभा राहा बे’. आपल्या सोलापुरात एका बोळात तीन-चार भाषा असतात. एकमेकांना समजून घेण्याचा याहून चांगला वर्ग कुठला सांगा?

दुसरा खेळ चादरीचा. घरातली जुनी सोलापुरी चादर, आठ जणांनी कडेने धरायची, वर चेंडू ठेवायचा आणि तो न पाडता कडेकडेने फिरवायचा. उंच मुलं हात वर धरतात, चेंडू घरंगळत छोट्यांकडे जातो आणि पडतो. मी एवढंच पाळलं की ‘कुणी पाडला’ असं विचारायचं नाही. ‘आता काय करायचं?’ एवढं विचारून गप्प बसायचं. मग तीच ठरवतात, उंच मुलांनी गुडघ्यावर बसायचं, एकाने मोजायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी माझी मुलगी ‘थांबा, माझी बाजू खाली आहे!’ असं मराठीत ओरडली आणि आठही जण थांबले. क्लासची फी नाही, काही नाही.

जिंकण्या-हरण्याला माझा विरोध आहे असं समजू नका. शाळेत असताना मी स्वतः खो-खो खेळले आहे. पाठलाग करणाऱ्याला दिशा घेतली की मागे फिरता येत नाही, मधली पाटी, म्हणजे आठ जणी ओळीने बसतात ती पट्टी, ओलांडता येत नाही. पळणारी पलीकडे गेली की तिकडे तोंड करून बसलेल्या मुलीला पाठीमागून हात लावून खणखणीत ‘खो’ द्यावाच लागतो, आणि तो मिळाल्याशिवाय तिला उठता येत नाही. बसलेल्या आठही जणींचे कान उघडे लागतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिला आणि पुरुष, दोन्ही भारताने जिंकले आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. मुलांच्या संघभावनेवर अख्खं पान लिहिताना या खेळाला एक ओळही मिळू नये, याचा मला खरोखर राग आला.

आणि लिहितेच आहे तर हेही लिहिते. आमच्या बोळामागच्या मोकळ्या जागेत मंडप पडतात, उठतात, खांबांचे खड्डे मात्र कुणी बुजवत नाही. जूनमध्ये त्यातल्याच एका खड्ड्यात एका मुलाचा पाय मुरगळला, पंधरा दिवस तो लंगडत होता. तेव्हापासून मोठी मुलंही बोळातच खेळतात, आणि बोळात खो-खोची पाटी आखता येत नाही.

पुढच्या वेळी या विषयावर छापाल तेव्हा चादर धरलेल्या मुलांचा फोटो छापा, ही विनंती. तुमचा फोटोग्राफर सहानंतर आला तर मुलं बोळात भेटतील. मागचे खड्डेही मी दाखवीन.

आपली,
एक पालक, पूर्वभाग, सोलापूर