त्यालाच विचारा

प्रिय काकू, आणि शनिवारच्या गटातले तुम्ही सगळे,

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

दादाला स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार आहे, हे २००८ साली कळलं. त्याआधी दोन वर्षं अंगारे, उतारे झाले होते. नंतरची दहा वर्षं गोळ्यांची आणि लपवालपवीची. पाहुणे आले की "तो अभ्यास करतोय" असं सांगायचं. पस्तिशी ओलांडलेल्या माणसाबद्दल आम्ही हे सांगत होतो आणि आतल्या खोलीत तो ते ऐकत होता.

अशा आजारांशी झुंजणाऱ्या घरांच्या तुमच्या गटात आले तेव्हा शुभार्थी आणि शुभंकर हे शब्द पहिल्यांदा कानावर पडले. आजाराशी झुंजणारा तो शुभार्थी, त्याला सांभाळणारा तो शुभंकर. तोवर मी 'वेड्याची बहीण' एवढंच ऐकलं होतं. कॅनडात प्राध्यापक असलेल्या जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणाच्या अनुभवातून १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली, हेही तुम्हीच सांगितलंत. आपल्याआधी कुणीतरी याच वाटेवरून गेलंय, हे त्या दिवशी फार धीर देऊन गेलं.

पण मला लिहायचं आहे ते दिव्यांग प्रमाणपत्राच्या दिवसाबद्दल. खिडकीवर "हा तर धडधाकट दिसतोय" असं ऐकून आम्ही आधी एकदा परत आलो होतो. दुसऱ्या खेपेला तुम्ही पिशवीत २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याची प्रत घेऊन आलात. मानसिक आजार त्यात स्पष्ट लिहिलेला आहे, ती ओळ पेन्सिलीने अधोरेखित केलेली. तुम्ही आवाज चढवला नाहीत. कागद पुढे सरकवलात आणि उभ्या राहिलात, बस्स.

आत डॉक्टर प्रश्न विचारत होते. स्वतःचं स्वतः आवरतो का, लोकांत मिसळतो का, बोललेलं समजतं का, काम करतो का. सवयीने सगळी उत्तरं मीच देत होते. तेव्हा तुम्ही हळूच म्हणालात, "तो समोर बसलाय. त्यालाच विचारा."

दादाने खूप वेळ घेतला. मग म्हणाला, "आंघोळ करतो. पण नळ सोडला की पाण्यातून माणसं बोलतात, म्हणून लवकर बाहेर येतो."

काकू, त्या धावत्या आंघोळीवरून मी त्याला कित्येक वर्षं रागावत होते. एकदाही विचारलं नव्हतं.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही तुम्ही आम्हाला ओळ न् ओळ समजावून सांगितलात. आजारी माणसाला साखळीने बांधायला त्यात साफ मनाई आहे. २००१ मध्ये तामिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवलेल्या जागी आग लागली तेव्हा बांधलेली माणसं पळूही शकली नव्हती, हे सांगताना तुमचा आवाज फुटला होता. पुढे आजार बळावला तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे नकोत, हे माणूस बरा असतानाच लिहून ठेवू शकतो, हेही मला त्याच कायद्यातून कळलं. तुम्ही दादाशेजारी तीन शनिवार बसलात आणि त्याने ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं. हात बांधू नका. गोळी देण्याआधी तिचं नाव सांगा. माझ्या वतीने माझी बहीण बोलेल. ही शेवटची ओळ वाचून मी जिन्यात जाऊन रडले. त्याने मला निवडलं होतं.

तुमचा स्वतःचा मुलगा शुभार्थी आहे. त्याची तब्येत बिघडलेली असतानाही तुम्ही दुसऱ्यांसाठी रांगेत उभ्या राहता, पदरचे पैसे घालून जिल्ह्याच्या गावी जाता, रात्री अकरा वाजता कुणा अनोळखी आईचा फोन घेता. गटातले काका विम्याच्या नाकारलेल्या दाव्यांवर अर्ज लिहून देतात, एकेक अर्ज तीन-तीनदा. यासाठी कुणी पगार देत नाही. मी हे सगळं जवळून पाहिलंय, म्हणून लिहून ठेवतेय.

मागच्या आठवड्यात एक नवीन आई आली होती, मुलाला घेऊन. ती मलाच विचारत होती, "याला गर्दी चालते का हो?" मी मुलाकडे वळले आणि त्यालाच विचारलं. तो म्हणाला, दाराजवळ बसायला मिळालं तर चालते.

येत्या शनिवारी सतरंज्या दादा घालणार आहे. दाराजवळची जागा त्या मुलासाठी ठेवायची, असं त्याने स्वतःच ठरवलंय. तुम्ही लवकर येऊन घालू नका.

तुमची,
एका शुभार्थीची बहीण