पाऊल सरळ दिसायला लागलं की

प्रिय दोस्ता,

काल तुझा फोन ठेवला आणि बराच वेळ झोप लागली नाही. बाळाचं वजन, जावळ, नाक कुणासारखं, सगळं सांगून झाल्यावर तू हळूच म्हणालास, "पाय जरा आत वळलेत, दोन्ही." त्या 'जरा'वरूनच मला कळलं. सहा वर्षांपूर्वी माझ्या मुलाचा एक पाय असाच होता, तेव्हा मीही सगळ्यांना 'जरा'च सांगत होतो. फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

आधी वहिनींचं. काय खाल्लं, कशी झोपले, कुठे अवघडून बसले, हे त्या मनात उकरत असणार. त्यांना सांग, तसं काही नसतं. याला क्लबफूट म्हणतात, आणि साधारण हजारात एक मूल असं पाऊल घेऊन जन्मतं. मुलग्यांत हे प्रमाण मुलींच्या दुप्पट, आणि जवळजवळ निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वळलेले असतात. बहुतेकांच्या बाबतीत नेमकं कारण सापडतच नाही. फक्त डॉक्टरांना पाठीचा कणा आणि खुबे नीट बघायला सांगा, कारण काही बाळांत हे दुसऱ्या एखाद्या आजाराचा भाग म्हणून येतं आणि मग पाऊल जास्त हट्टी असतं.

आता पाऊल हातात घेऊन बघ. तळव्याची कमान खोल, चवडा आत वळलेला, टाच आत झुकलेली आणि अख्खं पाऊल खाली लटकलेलं. नुसतं पोटात दुमडून बसल्यामुळे वळलेलं पाऊल बोटांनी हलकेच सरळ होतं. हे होत नाही, मधेच अडतं. तिथे जोर लावू नकोस. मालिश करून सरळ होईल म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकून आठवडे घालवू नकोस.

उपचार ज्याच्या नावाने ओळखतात तो इग्नासिओ पोन्सेटी मूळचा स्पेनचा, पुढे अमेरिकेत आयोवा विद्यापीठात डॉक्टर. 1940च्या दशकात त्याच्या लक्षात आलं, की मोठ्या शस्त्रक्रिया करून सरळ केलेली पावलं पुढे ताठ होतात आणि दुखतात. तान्ह्या बाळाच्या पावलात हाडापेक्षा कूर्चाच जास्त, बंधही लवचीक. मग कापायचं कशाला? हळूहळू वळवायचं आणि वळवलेलं प्लास्टरात धरून ठेवायचं. दर आठवड्याला एक, अशी साधारण पाच-सहा प्लास्टरं. प्रत्येक मांडीपर्यंत, गुडघा काटकोनात वाकवून. आम्हाला पहिल्या ठिकाणी गुडघ्याखालीच घालून दिलं होतं. तिसऱ्या दिवशी ते मोज्यासारखं निसटलं आणि आमचा आठवडा वाया गेला. तेव्हा प्लास्टर मांडीपर्यंत आहे ना, एवढं बघच.

पहिलं प्लास्टर घातल्यावर मात्र घाबरू नका. पाऊल आधीपेक्षा जास्तच वळल्यासारखं दिसतं! बायको तिथेच रडायला लागली होती. आधी चवडा टाचेच्या रेषेत आणून खोल कमान उघडतात, म्हणून ते तसं दिसतं. पुढच्या खेपांना डॉक्टर घोट्याच्या बाहेरच्या अंगाला, पुढे आलेल्या हाडावर अंगठा टेकवतात आणि पाऊल त्याभोवती बाहेर फिरवतात. टाचेला हातही लावत नाहीत. ती आपोआप मागून येते. दर आठवड्याला तोच अंगठा त्याच जागी टेकताना मी बघत बसायचो.

घरी एकच सवय ठेवा. डायपर बदलताना प्रत्येक वेळी पायाची बोटं बघायची. दाबल्यावर पांढरी होऊन लगेच गुलाबी झाली तर ठीक. निळसर, गार किंवा सुजलेली वाटली, किंवा बोटं प्लास्टरात आत ओढली गेली, तर रात्र असो की सुट्टी, दवाखाना गाठा. आणि प्लास्टर आदल्या रात्री घरी भिजवून काढू नका. पुढचं घालायच्या आधी, तिथेच काढलेलं बरं. रात्रभर मोकळं राहिलेलं पाऊल मिळवलेलं थोडं घालवून बसतं.

शेवटी राहते ती वर ओढलेली टाच. बहुतेक बाळांची टाचेमागची जाड कंडरा, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला बांधणारी दोरी, त्यासाठी बारीक छेद देऊन सोडवावी लागते. 'कापणार' या शब्दाने माझ्या पोटात गोळा आला होता. जागा बधिर करून काही मिनिटांत झालं, टाकाही नाही. मग तीन आठवडे शेवटचं प्लास्टर, आणि तेवढ्यात कंडरा लांब होऊन पुन्हा जुळून येते.

इथवरचं सगळं डॉक्टरांच्या हातात. पत्राला बसलो ते खरं पुढच्यासाठी. प्लास्टर निघालं, पाऊल इतकं सुंदर दिसलं की आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. मग आले ते बूट आणि दोन्ही बुटांना जोडणारी मधली दांडी, पाऊल पुन्हा वळू नये म्हणून. पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास, आणि पुढे झोपेत, चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. पहिले काही दिवस रात्री दांडी पाळण्यावर आपटायची आणि आम्ही तिघंही जागे. बुटात टाच वर सरकून एकदा फोडही आला. मधला पट्टा आधी आवळायचा असतो, हे तेव्हा कळलं. दोन्ही पाय एकत्र वाकवून लाथ मारायला शिकवलं, तशी त्याची कटकट कमी झाली.

आणि मग आम्ही शेण खाल्लं. दीड वर्षाचा झाला, धावायला लागला, रात्री बूट घालताना रडायचा. "आज राहू दे" असं करत तीन महिने बूट कपाटात. पाय दिसायला उत्तम, मग कशाला छळायचं? एक दिवस तो उकिडवा बसायला गेला आणि मागे कलंडला. टाच टेकतच नव्हती. पुन्हा तीन प्लास्टरं, या वेळी पळणाऱ्या पोराला! पाऊल पुन्हा आत वळतं त्याचं सगळ्यात मोठं कारण बूट सुटणं हेच, असं डॉक्टर म्हणाले. ओरडले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

आज त्याची त्या पायाची पोटरी बारीक आहे, पाऊल दुसऱ्यापेक्षा जरा लहान. त्याला स्वतःला ते बूट घेताना तेवढं आठवतं.

पहिलं प्लास्टर कधी आहे ते कळव, मी येतो. तुम्ही दोघं बाळाला सांभाळा, पाय धरायला मी बसेन; ते मला आता जमतं. आणि दांडीला गुंडाळायचं मऊ कापड कपाटात आहे अजून, तेही घेऊन येईन.

वहिनींना नमस्कार, बाळाला पापा.

तुझाच