चढ नकाशावर लिहिलेला असतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नैर्ऋत्य फ्रान्समधल्या मध्ययुगीन गावांवर लेख आला होता. फोटो झकास होते, त्याबद्दल तक्रार नाही. मजकुराचा सूर मात्र असा की, ही गावं टेकड्यांवर वसलेली असल्याने तिथे सायकलचा नाद कसलेल्या खेळाडूंनीच करावा. बाकीच्यांनी गाडी भाड्याने घेऊन तीन दिवसांत नऊ गावं उरकून टाकावीत. 'उरकणं' हा शब्द लेखकाचाच. मी त्रेसष्ट वर्षांचा निवृत्त भूकरमापक. डाव्या गुडघ्याला पट्टा बांधतो आणि जिना चढताना कठड्याला धरतो. गेल्या सप्टेंबरात मी आणि सौ. याच मुलखात अकरा दिवस सायकलवर होतो. मीटरवर तीनशेला थोडे कमी किलोमीटर पडले. म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी एक दुरुस्ती. लेखातल्या चौकटीत सार्ला हे 'फ्रान्समधल्या सर्वांत सुंदर गावांपैकी एक' म्हणून दिलं आहे. ते बिरुद एक संघटना देते. १९८२ साली कोलोंज-ला-रूज या तांबड्या दगडाच्या गावाच्या महापौरांनी ती सुरू केली, आणि तिची पहिली अट म्हणजे लोकवस्ती दोन हजारांच्या आत हवी. सार्ला नऊ हजारांच्या घरातलं आहे, म्हणजे नियमानेच बाद. ते सुंदर आहे यात वाद नाही. १९६२च्या मालरो कायद्याखाली ज्या जुन्या वस्त्यांची डागडुजी पहिल्यांदा हाती घेतली गेली, त्यांत सार्ला होतं. पण ते गाव नव्हे, शहर.

आता चढांबद्दल. लेखकाने त्यांची भीती घातली आहे, पण ते किती आणि कुठे, हे लिहिलेलं नाही. आमच्या धंद्यात याला मोघम म्हणतात. तिकडे मिशेलिनचा कागदी नकाशा मिळतो. आम्ही घेतला त्यात एका सेंटिमीटरला दोन किलोमीटर. त्यावर रस्त्याच्या रेघेवर बारीक बाण छापलेले असतात. एक बाण असेल तर चढ पाच ते नऊ टक्के, दोन असतील तर नऊ ते तेरा, आणि तीन असतील तर तेराच्या वर. बाणाचं टोक चढाच्या दिशेला. म्हणजे कुठे दम लागणार आणि कुठे ब्रेक दाबायचे, हे आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावरच कळतं. आम्ही रोज संध्याकाळी भिंग घेऊन बाण मोजायचो. तीन बाण दिसले की सौ. म्हणायची, 'इथे तुम्ही ढकलणार.' आणि मी ढकलायचो. सायकल ढकलत नेण्यावर तिथे दंड नाही.

तिची सायकल बॅटरीची होती, माझी साधी, सत्तावीस गिअरची. बॅटरीच्या सायकलची मोटर कायद्याने अडीचशे वॅटची आणि ताशी पंचवीसच्या वर मदत बंद, त्यामुळे कुणी तिला स्कूटर समजू नये. पेडल मारावंच लागतं. पण चढाला ती माझ्या पुढे निघून जायची आणि वर सावलीत बसून माझी वाट बघायची. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात ही संधी तिला पहिल्यांदाच मिळाली होती, आणि ती तिने पुरेपूर वापरली.

गाडीवाल्याला जे कळणार नाही ते मात्र सांगायलाच हवं. आम्ही सुरुवात केली मोंपाझिएपासून. हे गाव इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२८४ साली वसवलं, कारण तेव्हा हा मुलूख इंग्रज राजाच्या ताब्यात होता. अशा ठरवून, आखून वसवलेल्या गावांना 'बास्तीद' म्हणतात. लेखात सगळी गावं 'आपोआप वाढत गेलेली वेडीवाकडी' म्हटली आहेत; मोंपाझिएचा आराखडा पाहिला असता तर हे वाक्य लिहिलं गेलं नसतं. चारशे मीटर लांब, दोनशे वीस रुंद असा लांबट चौकोन, काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या, सारख्या मापाचे प्लॉट. सातशे वर्षांपूर्वी कुणीतरी साखळी ओढत इथे फिरला असणार, हे पाहून माझ्यासारख्याचा ऊर भरून आला. शेजारशेजारच्या दोन घरांच्या मध्ये हात जेमतेम जाईल एवढी फट सोडलेली आहे. तिला 'आंद्रोन' म्हणतात. आगीला आडकाठी आणि सांडपाण्याला वाट. सामाईक भिंतीचा तंटाच नाही! माझी अर्धी नोकरी सामाईक भिंतींच्या तंट्यांत गेली. चौकातल्या बाजारओट्यावर लाकडी छपराखाली धान्य मोजायची जुनी मापं अजून ठेवलेली आहेत. सौ.ने मला तिथून अक्षरशः ओढून नेलं.

तिथून दोन दिवसांनी दोम. हे फ्रान्सच्या राजाचं, तिसऱ्या फिलिपचं, १२८१चं. दोर्दोन्य नदीच्या काठावरून जवळपास दीडशे मीटर सरळ उभा कडा, आणि गाव त्याच्या माथ्यावर. खाली सेनाकच्या पुलावर उभं राहून वर पाहिलं, तेव्हा जीव दडपला. नकाशावर बाण होतेच. मी पाच वेळा थांबलो, आणि तिसऱ्या थांब्याला प्रकाश पडला. पलीकडच्या राजाची माणसं शस्त्रं, शिड्या, धान्याची पोती घेऊन याच वाटेने यायची होती. चढ हीच या गावाची पहिली तटबंदी. मोंपाझिए सपाटीवर म्हणून चौकोनी. दोम कड्यावर म्हणून आखणीला कड्याप्रमाणे वाकावं लागलं, चौकोन तिरका झाला. गाडीने वेशीच्या आत जाऊन उतरणाऱ्याला हे दिसेल कसं? त्याला आइस्क्रीमचं दुकान दिसतं. (ते आम्हालाही दिसलं. अक्रोडाचं आइस्क्रीम चांगलं होतं.)

रस्त्यांविषयी लेखात अवाक्षर नाही. 'डी' आकड्याचे लहान जिल्हा रस्ते या भागात इतके आहेत की मोठा रस्ता धरायची वेळ क्वचित येते. गाडीने सायकलला ओलांडताना गावाबाहेर दीड मीटर आणि गावात एक मीटर अंतर सोडायचं, असा कायदा आहे, आणि आमच्या वाट्याला आलेल्या बहुतेकांनी तो पाळला. ट्रॅक्टरवाले तर मागे थांबून राहायचे. आमच्याच जिवाला घोर लागायचा की बिचाऱ्याचा खोळंबा होतोय.

खरा त्रास झाला तो चढाचा नव्हेच. रोकामादूर या तीर्थाच्या गावानंतर फिजाकच्या वाटेवर चुनखडीचं उजाड पठार लागतं. खुरटे ओक, दगडी बांध, मेंढ्या. अशा पठाराला तिथे 'कोस' म्हणतात. आपल्या कोसाशी नातं नाही, पण दुपारच्या उन्हात चालवताना नातं असावंसं वाटतं. चुनखडीत पाणी वर टिकत नाही, झिरपून खाली जातं, त्यामुळे ओढा नाही की विहीर नाही. बाटल्या संपल्या. गावातलं एकमेव दुकान बारा ते दोन बंद. मग कळलं की दफनभूमीत बहुधा नळ असतो, फुलझाडांना घालायला. पिण्यायोग्य नसल्याची पाटी नाही ना, एवढं बघायचं आणि बाटली भरायची.

त्याच पठारावर माझं मागचं चाक बसलं. सायकल भाड्याने देणाऱ्या दुकानाने पिशवीत जादा ट्यूब दिली होती. ती काढली, तर तिचा व्हॉल्व्ह मोटारीच्या चाकाला असतो तसा जाड आणि माझ्या रिमचं भोक बारीक. बसेना. वार सोमवार, म्हणजे जवळच्या मोठ्या गावातलं सायकलचं दुकानही बंद. पुढच्या वाडीपर्यंत ढकलत गेलो. तिथे कपडे धुण्याची जुनी सार्वजनिक जागा होती, 'लाव्वार' म्हणतात तिला: वर कौलारू छप्पर, खाली दगडी हौद, कडेला धुण्यासाठी उतरत्या शिळा. जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून ती हौदात बुडवली आणि वीतवीत सरकवत गेलो. व्हॉल्व्हपासून चार बोटांवर बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. पंक्चरच्या डबीत ठिगळ होतं, सोल्यूशन होतं, पण घासायचा कागद नव्हता. समोरच्या घरातून एक आजोबा हे सगळं पाहत होते. ते आत गेले आणि काही न बोलता खरकागदाचा तुकडा घेऊन आले. ठिगळ नीट चिकटेपर्यंत ते स्वतः अंगठ्याने दाबून बसले. मला 'मेर्सी' पलीकडे फ्रेंच येत नाही, ते मी चार वेळा म्हणालो.

रोकामादूरला सौ. दोनशे सोळा पायऱ्या चढून देवळात गेली, जिथे जुने यात्रेकरू गुडघ्यांवर चढत. मी सायकली राखल्या. फिजाक धावतं पाहिलं. इजिप्तची चित्रलिपी उलगडणाऱ्या शांपोल्योंचं हे जन्मगाव. कोंकला मात्र दोन रात्री राहिलो. दरीच्या पोटात स्लेटच्या छपरांचं गाव, देवळाच्या दारावर बाराव्या शतकातला शेवटच्या निवाड्याचा शिल्पपट, डावीकडे स्वर्गातली नीटस रांग आणि उजवीकडे नरकातली झुंबड. गावात उतरताना आमचे ब्रेक इतके तापले की वास आला. म्हणून म्हणतो, भीती घालायचीच तर उताराची घाला. चढाला माणूस थांबू शकतो.

शेवट रोदेझला केला, माझ्या हट्टापायी. मार्सियाकची तांबडी माती आणि द्राक्षमळे ओलांडून वर चढलं की टेकडीवरच्या कॅथीड्रलचा मनोरा दिसू लागतो. १७९२ ते १७९८ या काळात मीटरची लांबी ठरवण्यासाठी डंकर्क ते बार्सिलोना अशी मोजणी झाली. उत्तरेकडून दलांब्र आणि दक्षिणेकडून मेशँ असे दोन खगोलशास्त्रज्ञ, आणि दोघांच्या हद्दी मिळाल्या त्या याच मनोऱ्यावर. ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, अशी तेव्हाची व्याख्या होती. मेशँला बार्सिलोनाच्या अक्षांशात न जुळणारा फरक सापडला होता आणि तो त्याने लपवून ठेवला. आतल्या आत झुरत राहिला. फिल्डबुकात बेरीज न जुळली की झोप कशी उडते, हे मला कुणी सांगायला नको. मनोऱ्याखाली बाकावर बसून मी गुडघ्याचा पट्टा सोडला. सौ. म्हणाली, 'झालं का मोजून?'

लेखकाने पुढच्या खेपेला नऊ गावांच्या चौकटीत प्रत्येक गावाची उंची आणि खालच्या नदीची उंची शेजारी शेजारी छापावी, ही विनंती. वाचक आपापल्या गुडघ्याचा हिशेब स्वतः करतील.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक

ता. क. : सायकल भाड्याने घेताना जादा ट्यूबचा व्हॉल्व्ह रिमच्या भोकातून जातो का, ते दुकानातच घालून बघावं. आणि दुकान सोमवारी बंद असतं, हे तेवढं जाड टायपात छापा.