काका, तुम्ही शेवट खोटा सांगितलात

प्रिय काका,

तुम्ही मुलाकडे बेंगळुरूला गेलात त्याला तीन वर्षं झाली. फोनवर हे काढलं असतं तर "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून तुम्ही विषय मोडला असता. म्हणून लिहितेय, तेही चारचौघांत.

ऑगस्ट 2019. राजाराम बंधाऱ्याची धोक्याची पातळी 43 फूट आणि पंचगंगा 50 च्या पुढं गेलेली. नागाळा पार्कातला आमचा तळमजला गेला तेव्हा तुम्ही काही न विचारता गॅसची टाकी खांद्यावर मारलीत. "सासूबाईंना धर, चल वर." नवरा पुण्यात अडकलेला, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. जायच्या आदल्या रात्री आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. (भिंती पातळ, दुसरं काय.)

काकू रोज सकाळी जिना झाडायच्या, शेवटच्या कोरड्या पायरीपर्यंत. काल सात पायऱ्या, आज पाच.

तिसऱ्या रात्री तुम्ही लॅपटॉप काढलात. "बॅटरी आहे तोवर पिक्चर." आणि लावलात काय, तर 'सीकिंग अ फ्रेंड फॉर द एंड ऑफ द वर्ल्ड'! मटिल्डा नावाचा लघुग्रह पृथ्वीवर आदळायला तीन आठवडे उरलेत आणि विमा विकणारा स्टीव्ह कॅरेल तरी ऑफिसला जातोय. बायको पहिल्याच सीनला पळालेली. सासूबाई म्हणाल्या, "दारात पाणी आणि हे प्रलय बघत बसल्यात." पण तुम्ही एकेक संवाद कोल्हापुरीत सांगायला लागलात तशा त्याही सरसावून बसल्या. घरकाम करणाऱ्या बाईला तो म्हणतो, आता येऊ नका, तर तिलाच वाईट वाटतं. काकू लगेच, "बरोबर हाय की तिचं. घाण काय प्रलयासाठी थांबती व्हय?" दुसऱ्या दिवसापासून जिन्यात आसरा घेतलेल्या कुत्र्याला सासूबाई 'सॉरी' म्हणायला लागल्या, पिक्चरमधल्या कुत्र्यासारखं.

शेवटी स्टीव्ह झोपलेल्या शेजारणीला, म्हणजे कीरा नाइटलीला, विमानात ठेवतो, तिच्या आईबापांकडं धाडायला, आणि नेमकी तिथंच बॅटरी संपली. अंधार. खाली पाण्याचा चुबुक चुबुक आवाज. मी विचारलं, "मग?"

तुम्ही थोडं थांबलात. "मग काय, ती परत येती. आणि त्यो धोंडा बाजूनं जातोय निघून."

त्या रात्री फोनला चार टक्के चार्जिंग होतं. मी नवऱ्याला एवढंच लिहिलं, 'आम्ही वर आहोत, सुखरूप. लवकर ये.' हायवे सुरू झाला त्या दिवशी तो तावडे हॉटेलपासून चालत आला, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात बिस्किटांचे दोन पुडे.

गेल्या महिन्यात तो पिक्चर मी एकटीनं पूर्ण बघितला. काका, धोंडा बाजूनं जात नाही. दोघं समोरासमोर पडून बोलत राहतात आणि पडदा पांढराफटक होतो. ती परत येते, तेवढं मात्र तुम्ही खरं सांगितलं होतंत. आधी हसले, मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

त्या थापेसाठी मनापासून आभार. टाकीसाठी, जागेसाठी आहेतच.

सासूबाई मागच्या दिवाळीआधी गेल्या. पुराचा विषय निघाला की त्या सगळ्यांना त्या पिक्चरची गोष्ट सांगायच्या. त्यांच्या लेखी तो धोंडा बाजूनंच गेला.

काकूंना नमस्कार.

तुमची,
तळमजल्यावरची