दीडच्या स्पीडने सिनेमा बघणाऱ्या मुलास

नौपाडा, ठाणे
रविवार

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

'कोर्ट' एकदाचा पाहिलास म्हणालास, तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! आणि लगेच पुढचं वाक्य, "दीडच्या स्पीडने बघितला आई, तरी संपता संपेना." फोनवर मी काही बोलले नाही. गॅसवर दूध होतं, आणि सिनेमावर बोलायला लागले की माझं दूध हमखास उतू जातं असं बाबांचं मत आहे. म्हणून सवडीने लिहिते.

अरे, त्या सिनेमाचा सगळा जीव त्या संथपणात आहे. चैतन्य ताम्हाणेने तो केला तेव्हा त्याची तिशीही उलटली नव्हती. 2014 साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात नावाजला गेला, मग इथे राष्ट्रीय पुरस्काराचं सुवर्णकमळ मिळालं. एवढ्या तरुण मुलाला कॅमेरा एका जागी ठेवून गप्प बसायचा धीर कुठून आला याचंच मला नवल वाटतं. नारायण कांबळे या लोकशाहिरावर आरोप काय, तर त्याचं गाणं ऐकून एका गटारसफाई कामगाराने जीव दिला. खटला हास्यास्पद, पण हसायला येत नाही, कारण कोर्टातलं प्रत्येक माणूस आपापलं काम नीट, नेमाने करतंय.

त्या कामगाराच्या बायकोची साक्ष आठव. गटारात उतरण्याआधी नवरा काय करायचा, तर झुरळं दिसतात का बघायचा. झुरळ बाहेर आलं म्हणजे आत हवा आहे, उतरायला हरकत नाही. हे ती बाई आपण रेशनच्या रांगेचं सांगावं तशा सपाट आवाजात सांगते. रडणं नाही, पार्श्वसंगीत नाही. समोरचे लोक लिहून घेतात. ते झुरळ डोक्यात शिरायला दोन-चार सेकंद लागतात रे, आणि दिग्दर्शकाने ती आपल्याला दिलेली आहेत. तू ती कापून काढलीस. पुढे वकील तिला गाडीतून सोडायला जातो, पैसे देऊ करतो. ती घेत नाही, काम असेल तर सांगा म्हणते. हे तरी दिसलं का तुला, की तेव्हा फोन बघत होतास?

आणि ती सरकारी वकील बाई. गीतांजली कुलकर्णीला मी मानते ती त्या भूमिकेसाठी. कोर्टात ती कलमं वाचते ती इतकी भराभरा, एका सुरात, की तिलाच त्यांत रस नाही हे कळतं. म्हणजे ती मुळातच दीडच्या स्पीडने चाललेली आहे! तू आणखी दीडपट केल्यावर तिची घाई तुला दिसणार कशी? मग संध्याकाळी ती लोकलने घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाकाला लागते. तुझ्या हिशेबाने इथे काहीच घडत नाही. मला मात्र तिथे धस्स झालं. सीएसटीहून ठाणे फास्ट पकडून, खिडकीशी उभी राहून, रात्री भाजी कसली करायची याचा विचार करत मीही वर्षानुवर्षं आले आहे. म्हणजे ही कोणी दुष्ट बाई नव्हे, माझ्याच डब्यातली आहे. उद्या सकाळी हीच बाई एका म्हाताऱ्या शाहिराला तुरुंगात ठेवा म्हणणार आहे. हा धक्का भाजी फोडणीला टाकली जाते त्या वेळात बसतो, खटल्यात नव्हे.

न्यायाधीशाने बिनबाह्यांचा ब्लाउज घातलेल्या बाईची केस पुढे ढकलली, तिथे तू हसलास म्हणालास. बरं झालं, निदान तेवढं तरी वेगातूनही पोचलं.

आता विनोदाकडे ये, कारण तिथे तर तू सरळ खूनच करतोस. 'अशी ही बनवाबनवी' तुम्हा मुलांना तोंडपाठ. "धनंजय माने इथेच राहतात का?" याचे मीम तू मला पाठवतोस, मी बाबांना पाठवते, ते मला परत पाठवतात. 1988चा सिनेमा, तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा, आणि अजून त्याचं वय होत नाही. का होत नाही, त्यावर माझं ठाम मत आहे. सचिन, अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे हे सगळे आहेतच, पण सिनेमा उभा आहे तो घर मिळत नाही या एका खऱ्या अडचणीवर. मालकीणबाईंना जोडपीच भाडेकरू हवीत, म्हणून दोघांना लुगडी नेसावी लागतात. बंगळुरूला तुझ्याकडून दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून घेतलं तेव्हा तू जे बोललास ते मला आठवतंय. त्या रात्री साडी नेसून भाडं माफ होतंय म्हटलं असतं तर तूही नेसला असतास.

तर "हा माझा बायको पार्वती" हे वाक्य. वाक्यात काय आहे? काही नाही, व्याकरणाची चूक आहे. सगळी मजा अशोक सराफच्या चेहऱ्यावर त्या आधी आणि नंतर जे चालतं त्यात. या लोकांपैकी कितीतरी जण नाटकातून आलेले. गडकरी रंगायतनला तिसऱ्या रांगेत बसून बघ कधी, मुरलेला नट हशा यायला लागला की थांबतो, पिकू देतो, विरायला लागला की नेमका पुढचं वाक्य टाकतो. ती सवय अंगात भिनलेली माणसं कॅमेऱ्यासमोरही आपल्या हसण्यासाठी जागा सोडतात. वेग वाढवलास की ती जागाच बुजते, आणि मग तुम्ही म्हणता जुने विनोद आता तितकेसे वाटत नाहीत.

जाता जाता एक गंमत. 'बनवाबनवी'तला लक्ष्या परशुराम, 'श्वास'मधला पोरगा परशुराम, आणि 'सैराट'चा नायकही परश्याच. मराठी सिनेमाला काही सुचेनासं झालं की तो परश्याला बोलावतो, असं मी बाबांना म्हटलं. त्यांनी पेपरातून मान वर केली नाही.

'श्वास' मी मल्हार थिएटरला पाहिला, शेजारच्या काकूंबरोबर. तू अजून पाहिलेला नाहीस, म्हणून सगळं सांगत नाही. कोकणातले आजोबा नातवाला शहरातल्या डॉक्टरांकडे आणतात. डोळ्यांचा कॅन्सर निघतो, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. ऑपरेशन लांबतं तेव्हा आजोबा पोराला गुपचूप हॉस्पिटलबाहेर नेतात, जग दाखवायला. बस, एवढंच. अरुण नलावडे काही भाषण करत नाहीत, पोराला फिरवतात आणि आपण त्या पोराच्या डोळ्यांनी शहर बघत राहतो. 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, त्यानंतर सर्वोत्तम चित्रपटाचा मान मराठीला मिळायला थेट 'श्वास' उजाडावा लागला. अर्ध्या शतकाचं अंतर! ऑस्करसाठी भारताकडून गेला तेव्हा लोकांनी वर्गणी काढली होती. हा सिनेमा तू दीडच्या स्पीडने पाहिलास तर मला सांगूही नकोस.

'सैराट'बद्दल मात्र तुझं-माझं एकमत आहे, ते मला महत्त्वाचं वाटतं. विवियाना मॉलला आपण तिघं गेलो होतो. 'झिंगाट'ला लोक खुर्च्या सोडून मधल्या वाटेत नाचत होते, तूही होतास. आणि शेवटी अजय-अतुलचं सगळं संगीत काढून घेऊन नागराज मंजुळेने थिएटर रिकामं केल्यासारखं करून टाकलं. आवाजच नाही. ते लहान मूल चालतंय आणि आवाज नाही. बाहेर पडताना पार्किंगपर्यंत तू एक शब्द बोलला नव्हतास. तिथे तुझ्या हातात वेगाचं बटण नव्हतं, म्हणून तो सिनेमा तुझ्या अंगावर आला, असं माझं म्हणणं आहे. मंजुळेच्याच 'फँड्री'च्या शेवटच्या दगडाचंही तेच.

आता तू विचारशील, मग मालिकांचं काय? मालिका खुशाल तिप्पट वेगाने बघ, माझी हरकत नाही! एक थप्पड पडते आणि घरातल्या प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा जवळून दाखवतात, त्यात आजेसासूही आली आणि मोलकरीणही. यांतल्या कितीतरी मालिकांचं शूटिंग आपल्याच घोडबंदर रोडला होतं, आणि कथानकही घोडबंदरच्या ट्रॅफिकसारखं, महिनाभराने बघावं तर सून अजून त्याच सिग्नलला. बाबा साडेसातची एक मालिका बघतात. विचारलंस तर ते बातम्यांची वाट बघत असतात.

पण सगळ्याच मालिका अशा नव्हत्या. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आठवड्यातून एकदा लागायची, 2001पासून, अल्फा मराठीवर, म्हणजे आताच्या झी मराठीवर. एक भाग, एक किरकोळ भानगड, आबांची डायरी, संपलं. पुढच्या आठवड्यापर्यंत तुम्ही तुमच्या घरचे आबा सांभाळा. दिलीप प्रभावळकर तेव्हा साठीलाही पोचले नव्हते आणि त्यांनी असा म्हातारा उभा केला, की आमच्या सोसायटीतले खरे म्हातारे त्यांच्यासारखं बोलायला लागले. तोच माणूस चिमणराव. तोच 'चौकट राजा'चा नंदू. तोच 'लगे रहो मुन्नाभाई'त गांधीजी, आणि लहानपणी ज्याला घाबरून तू बाथरूमला एकटा जात नव्हतास तो 'झपाटलेला'तला तात्या विंचूही तोच. दुसऱ्या एखाद्या भाषेत असा नट असता तर त्याच्या नावाने चौक झाले असते.

आणि तू लावून दिलेली 'पंचायत' ही वेबमालिका मी दोनदा पाहिली, हे कबूल करते. रघुबीर यादवचे 'मुंगेरीलाल' मालिकेतले दिवस पाहिलेल्या माझ्यासारखीला तो प्रधानजी म्हणून भेटला, हीच मेजवानी. ऑफिसातल्या चाकं लावलेल्या खुर्चीवरून रुसवा होतो तो भाग म्हणजे आपल्या सोसायटीची वार्षिक सभा. पण माझा सगळ्यात आवडता तो प्रल्हाद, फैसल मलिकचा. मुलगा गेल्यावरचा त्याचा चेहरा बघ. तो काही बोलत नाही, बसलेला असतो. आता मला सांग, तो भागही तू पळवलास का? नाही ना? फोनवर तूच म्हणालास, तिथे मी थांबवून बसलो होतो. मग तुला थांबता येतं की.

दिवसभर स्क्रीनसमोर काम करून रात्री अकराला तू जेवतोस, दोन तासांचा सिनेमा म्हणजे झोपेतून कापलेला वेळ, हे मला कळतं. त्यावर माझा उपाय असा, की सिनेमे कमी बघ. आठवड्याला एक. 'सिंहासन' घे. 1979चा, जब्बार पटेलांचा, आणि त्यात निळू फुले पत्रकार आहे, पाटील-सरपंच नव्हे. दिगू टिपणीस शेवटी जो हसत सुटतो ते हसू पूर्ण ऐक. आजच्या बातम्या बघून झाल्यावर ऐकलंस तर जास्तच लागेल. मग 'श्वास', पण रुमाल घेऊन. 'कोर्ट' पुन्हा बघ असं मी म्हणत नाही. फक्त ती झुरळाची साक्ष आणि तो स्वयंपाक, एवढं काढून बघ, आणि मला फोन कर. दूध उतरवून ठेवते.

दिवाळीला येशील तेव्हा गडकरीला किंवा घाणेकरला जे नाटक लागलं असेल त्याची तिकिटं काढते. जाताना इथे राहिलेला तुझा स्वेटर घेऊन जा, कपाट अडलंय. आणि हो, त्या ॲपचा पासवर्ड बदललास का? कालपासून टीव्हीवर उघडत नाही. साडेसातचा एक भाग कोणाचा तरी बुडालाय. मी सांगितलं म्हणून बोलू नकोस.

तुझी,
आई