ते गाव मेंढरांनी बांधलंय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘इटलीत राहायला जा, लाखो रुपये मिळवा’ या मथळ्याखाली सान्तो स्तेफानो दि सेस्सानियो या डोंगरी गावाची चौकट आली. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडची पोरं मला विचारताहेत, ‘काका, अर्ज कुठं करायचा?’ मी गेल्या सप्टेंबरात तिथं जाऊन आलो, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून हे पत्र.

आधी दुरुस्ती. त्या गावात राहायला येणाऱ्याला पैसे देण्याची ती योजना २०२० सालची. वयाची अट १८ ते ४० आणि इटलीत कायम राहण्याचा हक्क आधीच हातात असायला हवा. दहिवडीच्या पोरांना तिचा काडीचा उपयोग नाही. दुसरं म्हणजे छापलेला फोटो त्या गावाचा नाहीच. तो रोक्का कालाशो किल्ल्याचा आहे. किल्ला शेजारच्या डोंगरावर, १४६० मीटर उंचीवर आहे. पुरंदरचा फोटो छापून खाली सासवड लिहावं, तसं झालं.

माझी मुलगी त्या गावाजवळच्या लाक्विला शहरात पदार्थविज्ञानाचं संशोधन करते. तिथल्या ग्रान सासो डोंगराच्या पोटात, सुमारे १४०० मीटर खडकाखाली मोठी प्रयोगशाळा आहे. ती मला दाखवायची तिला फार हौस. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. मग तिनं बापाचा स्वभाव ओळखून एका रविवारी मला या गावात नेलं.

गाव साडेबाराशे मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडं खाली. पांढऱ्या दगडाची घरं एकमेकांना इतकी चिकटलेली की बाहेरच्या भिंती मिळूनच तटबंदी झाली आहे. कायम राहणारी माणसं शंभराच्या आसपास, त्यातली बरीचशी माझ्या वयाची. वेशीच्या कमानीवर फ्लोरेन्सच्या मेदिची घराण्याचं चिन्ह कोरलंय. एवढे मोठे सावकार या आडरानात कशाला आले, तर लोकरीसाठी. १५७९ साली त्यांनी हा मुलूख विकत घेतला आणि १७४३ पर्यंत सोडला नाही. इथल्या मेंढरांची काळपट, जाडीभरडी लोकर तिकडं फ्लोरेन्सच्या तोस्काना मुलखात जायची आणि तिच्यातून सैनिकांचे आणि मठातल्या साधूंचे कपडे व्हायचे. काळी, जाडीभरडी लोकर म्हटल्यावर माझे कान टवकारले, कारण माझ्या आईनं जन्मभर तसलीच लोकर कातली.

चौकटीत लिहिलंय, की गाव ‘ओस पडलं’. का पडलं, ते नाही लिहिलं. इथली मेंढरं सप्टेंबरअखेर डोंगर उतरून पार दक्षिणेतल्या फोज्जा शहराच्या मैदानात जायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत यायची. लाक्विला ते फोज्जा हा मेंढरांचा रस्ता २४४ किलोमीटरचा, आणि रुंदी १११ मीटर! १४४७ साली नेपल्सच्या राजानं या येण्या-जाण्यावर कर बसवला, त्याची कचेरी पुढं फोज्जात आली आणि १८०६ पर्यंत चालली. पुढं खालची कुरणं नांगराखाली गेली, लोकरीचा भाव पडला आणि माणसं अमेरिकेला नाहीतर शहरांकडं गेली. मेंढरं गेली तसं गाव गेलं.

माझे वडील दिवाळीच्या आगेमागे वाड्याबरोबर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळाबरोबर, कुंभार्ली घाटानं कोकणात उतरायचे. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या, वर एखादं पोर. त्या वरच्या पोरांत कधीतरी मीही होतो. शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची आणि लेंडीखताच्या बदल्यात भात घ्यायचा. १११ मीटर रस्ता वडिलांना सांगितला असता तर ते हसले असते. आम्हाला डांबरीची कड मिळायची, तीही ट्रकवाल्यांच्या शिव्या खात.

गावाच्या वर काम्पो इम्पेरातोरे नावाचं अठराशे मीटरवरचं अफाट पठार आहे. तिथं मेंढरांची एक खांड चरत होती. मेंढका उत्तर मॅसिडोनियाचा. तिकडं आता बरेचसे मेंढके परदेशीच, कारण गावची पोरं हे काम करत नाहीत. इथं वेगळं काय आहे म्हणा. पांढरी, वासराएवढी कुत्री आमच्यावर धावून आली. एकाच्या गळ्यात लोखंडी पट्टा होता, त्याला बाहेरच्या बाजूनं बोटभर लांब खिळे. लांडगा नरडं धरतो, म्हणून. मेंढक्यानं शीळ घातली आणि कुत्री जागच्या जागी बसली.

एक मेंढी पुढच्या पायानं लंगडत होती. चौतीस वर्षं पशुसंवर्धन खात्यात काढल्यावर हात स्वस्थ बसत नाहीत. मी खुणेनं विचारलं, त्यानं मान हलवली. मेंढी ढुंगणावर बसवून पाठीमागून गुडघ्यांत धरली, खूर उचलून पाहिला. बेचक्यात सडायला लागलेलं. तो वास कुठल्याही देशात सारखाच. त्यानं चाकू दिला, मी वाढलेलं नख तासलं. आमच्याकडं मोरचुदाच्या पाण्यात पाय बुडवतात, त्याच्याकडं बाटलीतला निळा फवारा होता. रात्री मेंढरं जाळीत कोंडतात. आपली वाघूर, म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी, तीच ती, फक्त हिच्यात वीज सोडलेली. लोकरीचं काय करता, असं मुलीनं विचारलं तर तो हसला. म्हणाला, कातरायची मजुरीसुद्धा निघत नाही, उलट टाकायला पैसे पडतात. दोनेक आठवड्यांनी मेंढरं खाली जाणार होती. ट्रकनं.

२०१९ मध्ये युनेस्कोनं ही मेंढरांची ये-जा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. मेंढरं ट्रकमध्ये चढल्यावर!

गाव आज जगतंय ते पाहुण्यांवर. १९९९ मध्ये दानिएले किलग्रेन नावाचा माणूस मोटारसायकलवरून फिरत इथं आला आणि पडकी घरं घेत सुटला. त्यानं गावभर विखुरलेलं हॉटेल केलं, खोल्यांच्या भिंतींवरची चुलीची काजळी मुद्दाम तशीच ठेवली. काजळी पाहायला पैसे मोजणारी माणसं असतात, हे मला आधी खरं वाटलं नाही. २००९ च्या ६ एप्रिलला, पहाटे साडेतीनला लाक्विलाचा भूकंप झाला, त्यात गावचा गोल मनोरा कोसळला. तो पुन्हा उभारलाय. किल्लारीच्या वेळी खात्यातर्फे महिनाभर तिकडं राहिलेल्या माझ्यासारख्याला त्या नव्या-जुन्या दगडांकडं नुसतं पाहून पुढं जाता येईना.

राहिला मसूर. हजार मीटरच्या वरच्या दगडाळ पट्ट्यांत तिथं अगदी बारीक, तपकिरी मसूर पिकतो, आपल्या मसुराच्या निम्मासुद्धा नाही. भिजवायची गरज नाही. अर्धा किलो घेतला आणि मुलीच्या खोलीवर कांदा-लसूण मसाला घालून अख्खा मसूर केला. मुलीची इटालियन मैत्रीण तीन वेळा पाणी प्यायली, पण ताट चाटूनपुसून साफ केलं.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी, ही विनंती. गावाचे खरे फोटो माझ्याकडं आहेत, कळवल्यास पाठवतो. त्यातल्या एकात मी मेंढी गुडघ्यांत धरून बसलोय आणि टोपी वाऱ्यानं उडालीय. तेवढा छापू नये.

आपला वाचक,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
दहिवडी, ता. माण, जि. सातारा